देवाचं आवार, माणसांचं गाव

१८९२ सालच्या शरद ऋतूत ग्रीसमधल्या कास्त्री गावच्या लोकांनी फ्रेंच उत्खननकर्त्यांची वाट अडवली. मागणी सरळ होती : मोबदल्याचे पैसे हातात पडल्याशिवाय घराला कुदळ लावू देणार नाही. दोन सरकारांचा करार झाला होता, नव्या गावठाणाची जागा ठरली होती, पण रोकड काही पोचली नव्हती. शेवटी कामाच्या संरक्षणासाठी शिपाई आणावे लागले. धरणाखाली गेलेल्या आपल्याकडच्या गावांच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. कास्त्री मात्र पाण्याखाली जाणार नव्हतं. ते मुळासकट उचललं जाणार होतं, कारण त्याच्या पोटाखाली डेल्फी होतं.

डेल्फी म्हणजे अपोलोचं ठाणं. अथेन्सच्या वायव्येला, पार्नासस पर्वताच्या दक्षिण उतारावर, उंच उघड्या कड्यांच्या पायथ्याशी ते वसलेलं होतं. खाली प्लेइस्टोसची दरी, दरीत ऑलिव्हची झाडी, आणि पलीकडे इतेआच्या बाजूला समुद्राचा तुकडा. प्राचीन ग्रीक या जागेला पृथ्वीचा मध्य मानत. इथे पिथिया नावाची पुजारीण अपोलोच्या वतीनं कौल देई. हिवाळ्यात देव परगावी गेलेला असे, म्हणून ते तीन महिने कौल बंद. उरलेल्या महिन्यांत महिन्यातून एक दिवस. नवी वसाहत कुठे करावी, लढाईला निघावं की नाही, मूल होईल का, असे राज्याचे आणि घरचे प्रश्न एकाच रांगेत उभे राहत. कौल पावला की नवस फेडायचा, लढाई जिंकली की लुटीचा दशांश अर्पण करायचा. हळूहळू सगळ्या ग्रीक नगरराज्यांनी इथे पुतळे, स्तंभ आणि मौल्यवान अर्पणं ठेवण्याच्या छोट्या देखण्या इमारती, म्हणजे कोषागारं, उभारल्या. एकमेकांशी लढणारी राज्यं इथे एकमेकांच्या शेजारी आपापल्या विजयाची स्मारकं थाटून बसली होती.

इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राटांनी जुन्या देवांची पूजाअर्चा बंद केली. सातव्या शतकाच्या सुरुवातीला इथलं नगरही ओस पडलं. वरच्या कड्यांवरून दरडी कोसळत राहिल्या, माती साचली, आणि पुढे त्या मातीवर कास्त्री उभं राहिलं. १४३६ मध्ये अँकोनाचा सिरियाकस इथे येऊन शिलालेख उतरवून गेला. १६७६ मध्ये याकोब स्पोन आणि जॉर्ज व्हीलर या दोन प्रवाशांनी हेच डेल्फी असं नक्की ओळखलं. ओळखायला फार खणावं लागत नव्हतं. घराच्या उंबऱ्यात, गोठ्याच्या भिंतीत, चर्चच्या पायऱ्यांत अक्षरं कोरलेले दगड बसवलेले होते. प्राचीन व्यायामशाळेच्या जागेवर एक मठ होता. १८०९ मध्ये इथे आलेल्या इंग्रज कवी बायरननं तिथल्या एका खांबावर आपलं नाव कोरलं. ते आजही आहे.

१८४० च्या उन्हाळ्यात कार्ल ओटफ्रीड म्युलर हा जर्मन पंडित आपला शिष्य एर्न्स्ट कुर्टिउस याच्यासह कास्त्रीत आला. मंदिराच्या ओट्याला आधार देणाऱ्या भिंतीचा एक भाग त्यानं मोकळा केला. भिंत लेखांनी भरलेली होती. भर उन्हात उघड्या डोक्यानं तो ते लेख उतरवत राहिला आणि तापानं पडला. त्याला अथेन्सला नेलं, पण १ ऑगस्टला तो गेला. वय अवघं बेचाळीस. या भिंतीकडे मी पुढे सविस्तर येणार आहे, कारण माझ्या मते डेल्फीत सापडलेली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

१८७० च्या भूकंपानं कास्त्रीची दुर्दशा केली. गाव दुसरीकडे हलवावं हा विचार तेव्हापासून बळावला. आता प्रश्न एवढाच होता की पैसा कोण घालणार आणि खणण्याचा हक्क कोणाला मिळणार. इथे या गोष्टीत मनुका येतात. ग्रीसची परदेशी कमाई तेव्हा बरीचशी मनुकांवर अवलंबून होती. फ्रान्समधल्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा या किडीनं मेल्या, तेव्हा तिथले दारू उत्पादक ग्रीक मनुका उचलत होते. बागा सावरू लागल्यावर फ्रान्सला आयात आवरायची होती. ग्रीक पंतप्रधान त्रिकूपिस यांना मनुकांवरची जकात कमी करून हवी होती, आणि त्या वाटाघाटीत डेल्फी पटावर आलं. दहा वर्षं बोलणी लांबली. मध्येच अमेरिकनांनीही वर्गणी गोळा करून डेल्फी मिळवण्याचा प्रयत्न केला. अखेर १८९१ मध्ये फ्रेंच संसदेनं पाच लाख फ्रँक मंजूर केले. अटी ठरल्या : खणण्याचा हक्क दहा वर्षं फ्रेंचांचा, सापडेल ते सगळं ग्रीसचं, आणि ते प्रसिद्ध करण्याचा पहिला मान फ्रेंचांचा. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. ब्रिटिश राजदूत एल्गिनच्या काळात अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं लंडनला गेली, तशी डेल्फीची एकही मूर्ती पॅरिसला गेली नाही.

अथेन्समधल्या फ्रेंच संस्थेचे संचालक तेओफिल ओमोल यांनी या कामाला ‘मोठं उत्खनन’ असं रूप दिलं. उतारावर अरुंद रूळ टाकले, त्यांवरून डबे ढकलत माती दरीकडे नेऊन ओतली. घरं एकेक करून पाडली, खालचे अक्षरी दगड बाजूला काढले. ज्यांची घरं पाडली, त्यांच्यातलेच पुष्कळजण मजुरीला लागले. या कामाची छायाचित्रं फ्रेंचांनी निगुतीनं काढली. त्यातलं एक फार प्रसिद्ध आहे. खड्ड्यात रोमन काळातल्या अँटिनूस या तरुणाचा संगमरवरी पुतळा अर्धा मातीत, ताठ उभा आहे, आणि भोवती मजूर उभे आहेत. पुतळ्याचं नाव जगाला ठाऊक आहे. भोवतीच्या माणसांचं एकही नाव त्या छायाचित्राबरोबर येत नाही.

लाभ मात्र झपाट्यानं होऊ लागला. १८९३ मध्ये अथेनियनांच्या कोषागाराचे दगड सापडले. इतके दगड मिळाले की पुढे अथेन्स नगरपालिकेच्या पैशानं १९०३ ते १९०६ या काळात ती इमारत पुन्हा रचता आली. तिच्या भिंतीच्या दगडांवर अपोलोची दोन स्तोत्रं कोरलेली होती, आणि शब्दांच्या वरच्या बाजूला बारीक खुणा होत्या. त्या स्वरांच्या खुणा निघाल्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं गाणं चालीसकट दगडावर लिहिलेलं! तेओदोर रेनाक यांनी ती चाल उलगडली, संगीतकार गाब्रिएल फोरे यांनी तिला साथ बांधली, आणि १६ जून १८९४ रोजी पॅरिसच्या सोर्बोनमध्ये पिएर द कूबर्तँ यांनी बोलावलेल्या परिषदेत ती गायली गेली. आधुनिक ऑलिंपिक पुन्हा सुरू करण्याचा ठराव त्याच परिषदेतला. कास्त्रीच्या घरांखालून निघालेला दगड दोन वर्षांच्या आत पॅरिसमध्ये ऐकू येत होता.

मग एप्रिल-मे १८९६ मध्ये मंदिर आणि रंगमंडल यांच्या मधल्या उतारावर ब्राँझचा सारथी सापडला. आधी कमरेखालचा भाग, काही दिवसांनी वरचा. डावा हात गेलेला. सिसिलीतल्या गेला शहराचा सत्ताधीश पॉलिझालोस यानं इ. स. पू. ४७८ किंवा ४७४ मधल्या रथशर्यतीतल्या विजयानंतर हे चार घोड्यांचं शिल्प अर्पण केलं होतं. घोड्यांचे आता फक्त तुकडे उरले आहेत. सारथी वाचला तो अपघातानं. इ. स. पू. ३७३ च्या सुमारास भूकंपात दरड कोसळली, मंदिर मोडलं आणि सारथी गाडला गेला. वर राहिला असता तर इतर शेकडो ब्राँझ मूर्तींप्रमाणे वितळवून त्याचं नाणं नाही तर भांडं झालं असतं.

उंची १.८० मीटर, म्हणजे उंचशा माणसाएवढी. डोळे जडवलेले, पापण्यांचे केस तांब्याच्या पत्र्याचे, ओठांवर तांब्याचा पत्रा, कपाळपट्टीत चांदीचं नक्षीकाम. उजव्या हातात लगामांचे तुकडे. कमरेपासून खाली वस्त्राच्या सरळ, खोल चुण्या. हे सगळं पाहून झाल्यावर नजर पायांवर जाते आणि तिथे थबकते. अनवाणी पावलं आहेत. बोटं, नखं, घोट्याचं हाड, पावलावरच्या शिरा, सगळं जिवंत माणसाचं. पण हा पुतळा रथात उभा होता. रथाच्या कठड्याआड ही पावलं खालून पाहणाऱ्या यात्रेकरूला कधी दिसलीच नसतील. तरी कारागिरानं हात आखडता घेतला नाही. देवाला दिसतंय म्हणून केलं, की नीट केल्याशिवाय त्याला चैन पडलं नाही म्हणून, हे कोणी ठरवावं?

या लाभांच्या मध्यभागी एक मोठी निराशाही होती. ओमोल आणि त्यांचे सहकारी ज्यासाठी सर्वांत उत्सुक होते, ते मंदिरच उणं निघालं. प्राचीन लेखकांनी वर्णन केलेली भूमीतली भेग, तिच्यावर तिवईवर बसलेली पिथिया, खालून येणारा वास, यांतलं काहीही जमिनीत दिसलं नाही. गाभाऱ्याचा भाग पार उद्ध्वस्त होता. पुढची जवळजवळ शंभर वर्षं विद्वान सांगत राहिले की भेग आणि बाष्प ही नंतरच्या लेखकांची कल्पना असावी. वास्तविक प्लुटार्क हा स्वतः डेल्फीचा पुजारी होता आणि गाभाऱ्यात कधीकधी येणाऱ्या गोड वासाबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याच्या साक्षीला इतकं हलकं लेखणं मला कधी पटलं नाही. १९९० च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ येल्ले द बूर आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हेल यांनी उतार पुन्हा तपासला. २००१ मध्ये त्यांच्या गटानं मांडलं की मंदिराच्या खाली दोन प्रस्तरभंग एकमेकांना छेदतात आणि जवळच्या झऱ्याच्या पाण्यात एथिलीन वायूचा अंश मिळतो. नंतरच्या दुसऱ्या एका गटानं एथिलीनचा भाग अमान्य केला आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड यांच्याकडे बोट दाखवलं. वाद मिटलेला नाही, पण जमिनीतून काही येत होतं ही गोष्ट आता कोणी हसण्यावारी नेत नाही.

आता त्या ‘मोठ्या उत्खनना’त काय गेलं तेही सांगायला हवं. अपोलोचं डेल्फी शोधायला आलेल्या माणसांना वरच्या थरांत रस नव्हता. कास्त्रीची घरं तर गेलीच. त्यांच्या खाली चौथ्या ते सातव्या शतकातलं ख्रिस्ती काळातलं नगर होतं, त्याच्याही पुष्कळशा भिंती नोंद न होता उचलल्या गेल्या. त्या काळची रीतच ती होती आणि ओमोल त्या काळातले चांगले उत्खननकर्ते होते. तरीही नुकसान ते नुकसानच. डेल्फीचा अंत कसा झाला, कौल बंद पडल्यावर माणसं इथे कशी जगली, याची उत्तरं देणारी माती त्या रुळांवरून दरीत गेली.

ही उत्तरं पुढे शंभर वर्षांनी, उरल्यासुरल्या कोपऱ्यांत शोधावी लागली. पवित्र आवाराच्या भिंतीबाहेर आग्नेय बाजूला एका मोठ्या घराचं उत्खनन झालं. श्रीमंताघरचा ऐसपैस वाडा तो. सहाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तिथे कुंभारांनी भट्ट्या घातलेल्या दिसतात. कौल बंद झाल्याबरोबर डेल्फी मेलं, हा जुना समज या एका घरानं खोटा पाडला. देवळाभोवती दोनेकशे वर्षं चांगलं नांदतं ख्रिस्ती नगर होतं. लोकांनी जुने दगड वापरून घरं बांधली, हमामखाने चालवले, चर्चमध्ये मोझेकच्या फरश्या केल्या.

याहून मोठी गोष्ट १९९० ते १९९२ या काळात मंदिराच्या पूर्वेला, रोड्स बेटाच्या लोकांनी उभारलेल्या स्तंभाजवळ उघड झाली. आधीच्या उत्खननातून वाचलेला एक लहानसा तुकडा तिथे होता. झां-मार्क ल्यूस यांनी तो थराथरानं खणला. खाली घरं निघाली. इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकातली साधी राहती घरं, एक पडलं की त्याच जागी दुसरं. उत्खननकर्त्यांनी त्यांना ‘काळं घर’, ‘लाल घर’ अशी नावं दिली. स्वयंपाकाची भांडी, साठवणीचे रांजण, रोजच्या राबत्याच्या खुणा. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल घर संपलं, आणि त्याच्यावरून अपोलोच्या आवाराची पहिली भिंत गेली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ग्रीसचं सर्वांत मानाचं देवस्थान मोकळ्या डोंगरावर उभं राहिलं नव्हतं. आधी तिथे गाव होतं. देवाचं महत्त्व वाढलं, यात्रा वाढली, आवार हवं झालं, आणि घरं गेली. हजार वर्षांनी देव गेला आणि घरं परत आली. मग ओसाडी. मग कास्त्री. मग १८९२ मध्ये घरं पुन्हा गेली आणि आवार पुन्हा मोकळं झालं, या वेळी देवासाठी नाही, तर विद्येसाठी आणि प्रवाशांसाठी. आज आपण पाहतो ते स्वच्छ, पायऱ्यापायऱ्यांचं, चढत जाणारं डेल्फी हे त्या जागेच्या अनेक रूपांपैकी एक निवडलेलं रूप आहे. निवड चुकीची होती असं मी म्हणत नाही. सारथी, स्तोत्रं, कोषागारांची शिल्पं मातीत ठेवावीत असं कोण म्हणेल? पण निवड झाली आणि तिची किंमत कुणीतरी मोजली, हे सांगितलं जावं. अथेन्समधल्या अगोरा या प्राचीन चौकासाठी १९३१ पासून व्रिसाकी नावाची आख्खी वस्ती अमेरिकन उत्खननात पाडली गेली. आपल्या जवळ, हंपीच्या विरूपाक्ष बाजारातल्या मंडपांतून राहणाऱ्या कुटुंबांना २०११ मध्ये हलवलं गेलं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न उभा राहतो : जुन्या वास्तूत राहणारा माणूस त्या वास्तूच्या इतिहासाचा भाग नाही का?

आता ती भिंत. मंदिराचा ओटा पेलणारी, नव्वद मीटरच्या आसपास लांब, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिचे दगड चौकोनी नाहीत. वळणदार कडांचे आहेत, आणि एकाची वळणं दुसऱ्याच्या वळणांत इतकी नेमकी बसवली आहेत की चुन्याशिवाय अडीच हजार वर्षं भूकंप सोसून ती उभी आहे. लांबून पाहणारा ही करामत पाहतो आणि पुढे जातो. जवळ जावं तेव्हा दिसतं की दगडांचा पृष्ठभाग बारीक अक्षरांनी भरला आहे. करंगळीच्या नखाएवढी अक्षरं, ओळीखाली ओळ.

हे गुलामांच्या सुटकेचे करारनामे आहेत. भिंतीवर आणि डेल्फीत इतरत्र मिळून असे हजाराच्या आसपास लेख सापडले, त्यांत बाराशेहून अधिक गुलाम स्त्री-पुरुषांची सुटका नोंदलेली आहे. बहुतेक इ. स. पू. २०० नंतरच्या तीन शतकांतले. पद्धत अशी होती : गुलामाला स्वतःच्या नावानं व्यवहार करता येत नसे, म्हणून मालक त्याला अपोलोला विकत असे. पैसे गुलामच साठवून आणी, पण देव खरेदीदार म्हणून मध्ये उभा राही. लेखाचा साचा ठरलेला. त्या वर्षीचा अधिकारी कोण, महिना कोणता, विकणारा कोण, विकली जाणारी व्यक्ती कोण आणि मूळची कुठली, किंमत किती, जामीन कोण, साक्षीदार कोण. किंमत बहुधा तीन ते पाच मिना चांदी, म्हणजे तीनशे ते पाचशे द्राख्मा. गरीब कुटुंबाच्या काही वर्षांच्या पोटाची तजवीज होईल एवढी रक्कम. मग सुटकेचं कलम येतं : यापुढे ही स्त्री मोकळी आहे, तिला कोणी धरू नये, तिनं हवं ते करावं, हवं तिथे जावं.

पण पुष्कळ करारांत इथेच एक पुढचं कलम येतं. मालक जिवंत असेतोवर तिनं त्याच्याकडेच राहावं, सांगेल ते काम करावं. न केल्यास शिक्षा करण्याचा अधिकार मालकाला. कुठे अट अशी की मालकाच्या मरणानंतर त्याचे अंत्यविधी तिनंच नीट करावेत. कुठे अट अशी की पोटचं मूल मागे ठेवून जावं. पैसे पूर्ण मोजून झालेले, देव साक्षीला, आणि तरी सुटका पुढे ढकललेली. नावांत सिरियाच्या, थ्रेसच्या बायका आहेत, मालकाच्या घरातच जन्मलेली मुलं आहेत. ग्रीक साहित्यात जी माणसं पाणी आणून देतात आणि निघून जातात, ती या भिंतीवर आपल्या नावानिशी उभी आहेत.

ती डेल्फीलाच का आली? कारण पुरावा हवा होता. उद्या मालकाचा मुलगा म्हणेल की ही आमची गुलाम, तेव्हा दाखवायला सगळ्या ग्रीसची वर्दळ असलेल्या जागी दगडावरचं लेखन हवं होतं. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर धेनुकाकटाच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं दाते म्हणून कोरलेली आहेत, जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी (टाकी) दिल्याची नोंद आहे. ते लेख दानाचे, डेल्फीचे सुटकेचे. पण यात्रेच्या जागी दगडावर नाव कोरलं म्हणजे व्यवहार पक्का झाला, हा भरवसा दोन्हीकडे सारखाच. आणि डेल्फीचं वारं आपल्या दिशेला आलं होतं याचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. अफगाणिस्तानात आमू दर्याच्या काठच्या आय खानूम या ग्रीक नगरात १९६६ मध्ये एक दगडी बैठक सापडली. क्लेआर्खोस नावाच्या माणसानं डेल्फीतली सुभाषितं काळजीपूर्वक उतरवून घेऊन ती इतक्या दूर आणून कोरवली, असं तिच्यावर लिहिलं आहे.

कास्त्रीचे लोक पश्चिमेला थोड्या अंतरावर बांधलेल्या नव्या गावात गेले. त्या गावालाच आता डेल्फी म्हणतात. त्यांची मुलंनातवंडं हॉटेलं चालवतात, दुकानं चालवतात, खालच्या दरीतली ऑलिव्हं झोडतात. वस्तुसंग्रहालय १९०३ मध्ये उघडलं. १९३९ मध्ये पवित्र मार्गाच्या फरशीखाली पिएर अमांद्री यांना सोनं आणि हस्तिदंत यांच्या जळक्या मूर्ती आणि चांदीच्या पत्र्याचा मोठा बैल मिळाला. सगळं संपलं असं वाटत असताना पायाखालीच हे होतं. १९८७ पासून डेल्फी जागतिक वारशाच्या यादीत आहे.

अथेन्सहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहली डेल्फीला दोन-तीन तास देतात, आणि ते तास मंदिर, रंगमंडल आणि सारथी यांतच संपतात. तुमचं जाणं झालं तर एवढं करा : अथेनियनांच्या कोषागारावरून वर चढताना डाव्या हाताला ती भिंत लागेल, तिथे वाटाड्याला पुढे जाऊ द्या. दगडाला हात लावायची परवानगी नाही, पण दोन पावलांवरून अक्षरं दिसतात. ग्रीक येत नसलं तरी चालेल. निदान अर्धा तास त्या नावांसमोर उभे राहा, आणि परतताना नव्या गावात जेवा.